रेणूभर तेलाचा हिशेब

सिग्नल सुटतो, पुढची मोटरसायकल झेप घेते आणि तिच्यामागे निळसर धुराची पट्टी रेंगाळत राहते. मागचे लोक रुमाल नाकाला लावतात. कोणीतरी म्हणतं, "गाडी ऑइल खातेय." निदान अचूक असतं. पण त्या धुराकडे नीट पाहिलं तर आधी रंगाचा प्रश्न पडायला हवा. इंजिन ऑइल नवं असताना सोनेरी, जुनं झालं की काळं. मग धूर निळा कसा?

आभाळ ज्या कारणाने निळं दिसतं, त्याच कारणाने. सिलिंडरमधल्या आगीत तेलाचा काही भाग जळतो आणि बराचसा नुसता वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर येतो. थंड हवेत त्या वाफेचे थेंब बनतात. त्यांतले कित्येक थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान असतात. इतके बारीक कण तांबड्या प्रकाशापेक्षा निळा प्रकाश फार जास्त विखुरतात. जॉन टिंडल यांनी एकोणिसाव्या शतकात हे प्रयोगशाळेत दाखवलं आणि लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली त्याचं गणित मांडलं. पडताळा रस्त्यावरही घेता येतो. तोच धूर गडद भिंतीसमोर निळा दिसतो आणि उजळ आभाळासमोर पिवळट-तपकिरी.

म्हणजे निळा रंग सांगतो की इथे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब आहेत. पेट्रोल जास्त झालं तर धूर काळा येतो. थंडीच्या सकाळी नुसती पाण्याची वाफ असेल तर पांढरा, आणि तो लगेच विरतो. निळा धूर मात्र सांगतो की जे तेल खाली राहायला हवं होतं ते वर पोचलंय. वर पोचलेलं हे तेल नक्की किती असतं, हा हिशेब मांडला की इंजिनाबद्दलचा आदर कायमचा वाढतो.

दोन नॅनोमीटर

आपल्या रस्त्यांवरचं सगळ्यांत ओळखीचं इंजिन घेऊ. हीरो होंडाची स्प्लेंडर १९९४ साली बाजारात आली आणि दुधाच्या किटल्या, खताची पोती, शाळेची पोरं वाहत वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली. तिच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनचा खालीवर होण्याचा पल्ला ४९.५ मिलिमीटर. या दोन आकड्यांतून तिचे ९७.२ सीसी निघतात.

गाडी ताशी पंचेचाळीस-पन्नासने चालली असताना हे इंजिन मिनिटाला सुमारे ५,००० फेरे घेतं, असं धरू. म्हणजे सेकंदाला त्र्याऐंशी फेरे. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो. पल्ल्याच्या मध्यावर त्याचा वेग ताशी सुमारे ४७ किलोमीटर, आणि तिथून टोकाला येऊन थांबायला त्याला तीन हजारांश सेकंद मिळतात. वरच्या टोकाला त्याच्यावरचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या आठशे पटींहून जास्त भरतो. या धांदलीत सेकंदाला चाळीसहून अधिक वेळा त्याच्या डोक्यावर आग पेटते. भरपूर एक्सलरेटर दिलेला असेल तर वायूचा दाब वातावरणाच्या चाळीस पटींपर्यंत सहज जातो. चहाच्या बशीपेक्षाही लहान अशा त्या चकतीवर तेव्हा पाऊण टनाहून जास्त भार पडतो.

सिलिंडरची भिंत या सगळ्या वेळात तेलाने ओली असते, आणि असायलाच हवी. पिस्टन खाली जाताना ती भिंत आगीसमोर उघडी पडते. समजा, तिच्यावर फक्त एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढा थर मागे राहिला आणि प्रत्येक जळणात तो पूर्ण जळून गेला. भिंतीचं क्षेत्रफळ सुमारे ७,७७५ चौरस मिलिमीटर, म्हणजे एका वेळेला जवळजवळ आठ घन मिलिमीटर तेल गेलं. मिनिटाला अशी २,५०० जळणं होतात, म्हणजे मिनिटाला एकोणीस मिलिलिटर. या इंजिनात सगळं मिळून तेल लिटरभरही नसतं. पुण्याहून लोणावळ्याला निघालेली गाडी वडगाव मावळच्या आसपासच कोरडी पडेल.

प्रत्यक्षात चांगल्या इंजिनाचं काय होतं? हजार किलोमीटरला ५० मिलिलिटर तेल कमी झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तेच वीस तासांवर, तीस लाख जळणांवर आणि भिंतीच्या सगळ्या क्षेत्रफळावर वाटून पाहा. दर जळणामागे जाणाऱ्या तेलाची जाडी येते दोन नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाच लाखावा भाग. तेलाच्या रेणूची लांबीसुद्धा याच मापात बसते. ही सरासरीची जाडी आहे. तेल काही भिंतीवरून इतकं सारखं सोलून जात नाही. तरी आकडा खरा आहे. निरोगी इंजिन प्रत्येक जळणात जवळपास एका रेणूच्या थराएवढंच तेल गमावतं.

आणि धूर मारणारं, हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल संपवणारं आजारी इंजिन? त्याचे वीस नॅनोमीटर जातात. माणसाच्या केसाची जाडी याच्या साडेतीन हजार पट असते. उत्तम इंजिन आणि मागच्याला खोकायला लावणारं इंजिन यांत एवढ्याशा थराचा फरक. तो भरून काढण्याचं काम आपल्याकडे तालुक्याच्या गावात, पत्र्याच्या शेडमध्ये, पान्यांच्या एका संचावर आणि जवळच्या लेथवाल्याच्या भरवशावर रोज होत असतं. आपल्या भोवती रोज घडणाऱ्या गोष्टींतली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट आहे, असं मला मनापासून वाटतं.

फाट असलेली कडी

पिस्टन सिलिंडरला घट्ट बसवलेला नसतो, तसा बसवताच येत नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडरची आतली नळी बिडाची असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून थंड असताना दोघांत शंभरांश मिलिमीटरच्या हिशेबात मोकळीक ठेवावी लागते. ती मोकळीक बुजवण्याचं काम पिस्टनच्या खाचांत बसलेल्या रिंगांचं.

वाफेच्या इंजिनांच्या पहिल्या काळात पिस्टनभोवती तागाचा दोर गुंडाळत आणि त्याला चरबी माखत. तो दोर जळे, झिजे, सारखा बदलावा लागे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या लाँगसाइट इथल्या रेल्वे कारखान्यातले अभियंते जॉन रॅम्सबॉटम यांनी १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला साधा वाटणारा उपाय काढला: एका जागी फाट असलेली, स्प्रिंगसारखी ताणलेली धातूची कडी. दाबून सिलिंडरमध्ये सरकवली की ती स्वतःच्या ताणाने बाहेर पसरते आणि भिंतीला टेकून राहते. झिजली तरी पसरत राहते, त्यामुळे आपली झीज आपणच भरून काढते.

आजच्या पेट्रोल इंजिनात ही कडी याहूनही मोठं काम करते. जळणारा वायू रिंगेच्या वरून तिच्या मागच्या खाचेत शिरतो आणि आतून तिला भिंतीवर दाबतो. दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट. जो वायू निसटू पाहतो तोच आपली वाट बंद करतो. शिवाय पिस्टनच्या डोक्यावरची बरीचशी उष्णता याच रिंगांवाटे भिंतीत आणि तिथून सिलिंडरच्या बाहेरच्या फिन्समध्ये जाते. रिंगा नसत्या तर ॲल्युमिनियमचा पिस्टन फार वेळ टिकला नसता.

स्प्लेंडरसारख्या इंजिनात तीन खाचा असतात. वरची रिंग वायू अडवते. दुसरी थोडा वायू अडवते आणि थोडं तेल खरवडते. तिसरी ऑइल रिंग, तीन तुकड्यांची: मध्ये नागमोडी पट्टी आणि तिच्या वर-खाली पोलादाच्या दोन कागदासारख्या पातळ कड्या. भिंतीवर उडालेल्या तेलातलं जवळजवळ सगळं खाली ढकलायचं, पण वरच्या रिंगांना लागेल एवढं मागे ठेवायचं, हे तिचं काम. पूर्ण पुसलं तर इंजिन जाम होईल. जास्त ठेवलं तर धूर. त्या रेणूभर तेलाचा हिशेब इथे सांभाळला जातो.

एवढीशी वस्तू बनवणं किती अवघड असतं, हे ज्या माणसाला सर्वांत चांगलं ठाऊक होतं त्याचं नाव स्प्लेंडरच्या टाकीवर वर्षानुवर्षं होतं. सोइचिरो होंडा यांनी मोटरसायकल बनवण्याआधी, १९३०च्या दशकाच्या शेवटी, पिस्टन रिंगा बनवायला घेतल्या होत्या. रिंगा काही जमेनात. मग तिशीतला हा कारखानदार हामामात्सुच्या तंत्रशाळेत जाऊन धातुशास्त्र शिकायला बसला. त्यांच्या बिडात सिलिकॉन पुरेसं नव्हतं, हे त्यांना तिथे कळलं. टोयोटाकडे त्यांनी निवडून पाठवलेल्या पन्नास रिंगांपैकी फक्त तीन पास झाल्या होत्या. पुढे त्यांची कंपनी टोयोटाला रिंगा पुरवू लागली. युद्ध संपल्यावर त्यांनी ती विकली आणि १९४८ साली होंडा मोटर कंपनी उभी राहिली. लाखो घरांच्या दारात उभं राहिलेलं हे इंजिन अशा प्रकारे एका रिंगवाल्याचा वारसा आहे.

तेल भार कसा पेलतं

दोन धातू एकमेकांवर घासतात आणि तेल मध्ये असतं म्हणून ते झिजत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. पण एवढ्या दाबाखाली ते पातळ तेल दोघांच्या मधून पिळून बाहेर का पडत नाही?

उत्तर योगायोगाने सापडलं. १८८३च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरताना तेल त्याच भोकातून उलटं वर येऊ लागलं. त्यांनी बूच लावलं. ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. शेवटी दाबमापक जोडला, तर त्याने चौरस इंचाला २०० पौंडांच्या वर दाब दाखवला. बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या हा दुप्पट होता. फिरणारा आस तेलाच्या थरावर अक्षरशः तरंगत होता.

मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजातले ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली त्याचं कारण मांडलं. सरकणारा पृष्ठभाग तेलाला आपल्याबरोबर ओढत नेतो. पुढची फट निमुळती होत गेली की तेल तिथे कोंडतं आणि त्या कोंडण्यातूनच भार पेलणारा दाब तयार होतो. वेग असेल तोवर तेलाची ही पाचर धातूला धातूपासून दूर ठेवते. रिंगेची भिंतीला टेकणारी कड किंचित गोलसर असते. त्यामुळे पल्ल्याच्या मध्यावर, वेग असताना, ती काही मायक्रॉन जाडीच्या तेलावर तरंगत जाते.

अडचण टोकांना होते. तिथे पिस्टन क्षणभर थांबतो. वेग नाही, म्हणजे पाचर नाही, म्हणजे थर विरळ होतो आणि धातू धातूला भेटतो. वरच्या टोकाला तर नेमकी तेव्हाच आग पेटते, दाब कमाल असतो आणि उष्णतेने तेल पातळ झालेलं असतं. म्हणून सिलिंडर सगळीकडून सारखा झिजत नाही. पहिली रिंग जिथे थांबून वळते, तिथे सर्वांत जास्त झिजतो. जुनी नळी उघडल्यावर वरच्या काठापासून जरा खाली नखाला लागणारी जी कड असते, ती या कोट्यवधी थांबण्यांची नोंद असते.

झीज गोलही नसते. जळणाच्या वेळी कनेक्टिंग रॉड तिरका असतो आणि तो पिस्टनला एका बाजूच्या भिंतीवर रेटतो. त्यामुळे गोल नळी हळूहळू लंबगोल होते. त्यात एअर फिल्टर फाटका असेल तर रस्त्यावरची धूळ आत येते. त्या धुळीतले वाळूचे कण बिडापेक्षा कठीण असतात. वर्षांची झीज मग महिन्यांत होते.

तरीही या रिंगेची चिकाटी पाहा. मिनिटाला ५,००० फेऱ्यांनी ती भिंतीवरून तासाला जवळजवळ तीस किलोमीटर घासत जाते. पासष्ट हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची रिंग पाच सेंटीमीटरच्या नळीत खालीवर करतच पृथ्वीच्या परिघाएवढं, सुमारे चाळीस हजार किलोमीटर अंतर घासून आलेली असते. एवढ्या प्रवासात भिंतीचा दशांश मिलिमीटर जरी गेला, तरी इंजिन म्हातारं झालं असं म्हणतात.

खोलण्याआधी ऐकायचं

चांगला मेकॅनिक लगेच पाना हातात घेत नाही. आधी धूर कधी येतो ते विचारतो, कारण तेल वर जायच्या वाटा दोन आहेत.

पहिली खालून, रिंगांच्या कडेने. ती उघडी असेल तर चढावर किंवा एक्सलरेटर पिळल्यावर धूर येतो, पिकअप जातो आणि ब्रीदर पाइपमधून फसफस वायू निघतो, कारण जळलेला वायूही त्याच वाटेने खाली उतरत असतो. दुसरी वाट वरून, सिलिंडरच्या माथ्यावरच्या हेडमधून. तिथे कॅम आणि व्हॉल्व्ह तेलात न्हात असतात. व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबराचं छोटं सील असतं. ते कडक झालं किंवा दांड्याभोवतीचं गाइड झिजलं की रात्रभर तेल झिरपतं आणि सकाळी किक मारताच धुराचा एक लोट येऊन थांबतो. घाट उतरताना एक्सलरेटर सोडला की कार्ब्युरेटरच्या बाजूला पोकळी निर्माण होते आणि तीही तेल खाली ओढते. मग पुन्हा एक्सलरेटर देताच धूर.

खात्री करायची जुनी पद्धत फार देखणी आहे. प्लग काढून त्या जागी कॉम्प्रेशन गेज लावतात, किक मारून दाब पाहतात. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडून पुन्हा पाहतात. ते तेल रिंगांभोवतीची फट तात्पुरती भरतं. दाब वाढला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये, म्हणजे नळीत. वाढला नाही तर व्हॉल्व्हकडे पाहायचं. आत न डोकावता आतली फट कळते.

तेल जळत असलेली गाडी तशीच चालवत राहण्याचा धोका धुरापेक्षा मोठा आहे. या इंजिनात कॅम वर हेडमध्ये असतो. तेल कमी पडलं की सर्वांत उंचावर असलेल्या कॅमला आधी उपास घडतो. बोअरचं काम वेळेत केलं नाही तर मग हेडचंही करावं लागतं. अलीकडच्या गाड्यांत तर तेलातला फॉस्फरस सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही निकामी करतो. तोवर खर्च वाढलेला असतो आणि गल्लीतल्या लेकरांच्या फुप्फुसात धूर गेलेला असतो.

हाफ इंजिन

हेड, ब्लॉक (म्हणजे सिलिंडर), पिस्टन एवढंच उतरवायचं असेल तर त्याला हाफ इंजिन म्हणतात. क्रँकही उघडायचा असेल तर फुल. हेड उतरवलं की पिस्टनच्या डोक्यावर काळा, ओलसर कार्बन दिसतो. ब्लॉक वर ओढून काढला की रिंगा दिसतात. ऑइल रिंगेच्या खाचेतली भोकं कार्बनने बुजलेली असली किंवा रिंगा खाचेत चिकटून बसलेल्या असल्या तर निम्मं कोडं तिथेच सुटतं.

मग मोजमाप. बोअर गेजने नळी वर, मध्ये, खाली आणि दर उंचीवर दोन दिशांनी मोजतात. वर-खालीचा फरक म्हणजे निमुळतेपणा, दोन दिशांतला फरक म्हणजे लंबगोलपणा. नवी रिंग नुसती नळीत सरकवून, पिस्टनने सरळ करून, तिच्या तोंडातली फट फिलर गेजने पाहतात. या आकाराच्या इंजिनात ती मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत असावी लागते. फार कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतील आणि रिंग नळी ओरबाडेल. फार जास्त असेल तर वायू निसटेल.

झीज मर्यादेबाहेर असेल तर ब्लॉक बोअरिंगला जातो. आधी मोठ्या मापाचा पिस्टन आणतात, तो मायक्रोमीटरने मोजतात आणि मग नळी त्या पिस्टनच्या मापाने कापतात. या कामाची थोरवी कळण्यासाठी थोडं मागे जायला हवं. १७७०च्या दशकात जॉन विल्किन्सन यांनी तोफा कोरण्यासाठी बनवलेल्या यंत्राच्या धर्तीवर जेम्स वॉटच्या वाफयंत्राचे सिलिंडर कोरून दिले. पन्नास इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही, असं वॉटचे भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी कौतुकाने लिहिलं होतं. त्या अचूकतेशिवाय वॉटचं यंत्र चाललं नसतं. आज आपला लेथवाला शंभरांश मिलिमीटरच्या गोष्टी करतो आणि ते काम संध्याकाळपर्यंत हातात देतो.

मुद्दाम काढलेले ओरखडे

आता सगळ्यांत विलक्षण भाग. बोअरिंगनंतर नळी आरशासारखी गुळगुळीत करावी असं कोणालाही वाटेल. पण तशी केली तर इंजिन पुन्हा तेल खाईल आणि लवकर मरेल. गुळगुळीत बिडावर तेल टिकत नाही.

म्हणून होनिंग करतात. घासणारे दगड लावलेलं अवजार नळीत फिरवत खालीवर नेतात. फिरणं आणि सरकणं यांच्या मेळातून भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी उमटते. रेघांचा कोन नेमका लागतो. फार आडव्या असतील तर रिंग त्यांवर आदळत जाते, फार उभ्या असतील तर तेल वाहून जातं. या काही मायक्रॉन खोल चरांत तेल साठून राहतं, आणि पिस्टन टोकाला थांबतो त्या निराधार क्षणी रिंगेला तेच आधार देतं. रेनॉल्ड्सची पाचर जिथे संपते, तिथे हे ओरखडे कामाला येतात. बिडात मुळात ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात. तेही वंगण पुरवतात आणि तेल धरतात.

यानंतरचं काम साधं दिसतं, म्हणून अनेकदा टाळलं जातं. होनिंगच्या दगडांची बारीक भुकटी चरांत अडकलेली असते. पेट्रोलने किंवा रॉकेलने धुतलं तर तेल जातं, भुकटी राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन घासलं तरच ती सुटते. पांढरं फडकं फिरवल्यावर त्याला करडा डाग लागायचा थांबेपर्यंत धुवायचं, पुसायचं आणि लगेच तेल लावायचं, कारण उघड्या बिडाला गंज चढायला वेळ लागत नाही. हे एक काम टाळलं तर नव्या इंजिनात पहिल्याच दिवशी घासणारी पूड भरल्यासारखं होतं.

नवा पिस्टन हातात घेतला की तो गोल वाटतो, पण तो गोल नसतो. मायक्रोमीटर लावला तर तो किंचित लंबगोल आणि डोक्याकडे किंचित निमुळता निघतो. डोकं आगीजवळ असल्यामुळे जास्त फुगणार, पिस्टन पिनेच्या बाजूला धातू जास्त असल्यामुळे तिकडेही जास्त फुगणार. हे सगळं आधीच धरून तो थंड असताना वाकडा राहील असा घडवलेला असतो, म्हणजे कामाच्या तापमानाला तो नळीत नीट बसेल. पिनही अगदी मध्यावर नसते. ती जराशी एका बाजूला असते, म्हणजे पिस्टन एका भिंतीवरून दुसरीकडे झुकताना ठोका बसत नाही. म्हणूनच डोक्यावरची 'आयएन' ही खूण इनटेकच्या बाजूला ठेवायची असते. रिंगाही तशाच: खूण असलेली बाजू वर, आणि तिघींच्या फटी एका रेषेत येऊ न देता चहूकडे वाटलेल्या. पिनेचं लॉक बसवताना खाली फडकं कोंबलेलं हवं. निसटून क्रँककेसमध्ये पडलं तर हाफचं फुल होतं. नवं पॅकिंग, नवी व्हॉल्व्ह सीलं, घासून बसवलेले व्हॉल्व्ह, टायमिंगच्या खुणा जुळवलेल्या, आणि इंजिन बांधलं जातं.

पण काम अजून संपलेलं नसतं. नवी रिंग आणि नवी भिंत यांची अजून ओळख व्हायची असते. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये होनिंगच्या जाळीची टोकदार शिखरं झिजून सपाट होतात आणि खालचे चर शाबूत राहतात. रिंग भिंतीच्या नेमक्या आकाराची होते. यासाठी तिला दाब लागतो, आणि तो जळणातूनच येतो. म्हणून नवं बांधलेलं इंजिन पिळून काढू नये, तसं ते तासन्‌तास एका जागी फुरफुरत ठेवणंही वाईट. अशाने रिंगेवर पुरेसा दाब येत नाही, तेल भिंतीवर भाजून चकचकीत लेप बसतो, जाळी बुजते आणि धूर परत येतो. मध्यम वेग, कमीजास्त होणारा एक्सलरेटर, अधूनमधून थोडा चढ, आणि पहिलं तेल लवकर बदलणं. घासलेल्या धातूची सगळी पूड त्यातच असते.

ही गाडी किती वेळा अशी नवी करता येते? स्टँडर्डनंतर पॉइंट पंचवीस, पॉइंट पन्नास, पॉइंट पंचाहत्तर आणि एक मिलिमीटर असे वाढत्या मापाचे पिस्टन मिळतात. शेवटच्या मापाला ५० मिलिमीटरचा बोअर ५१ होतो आणि ९७.२ सीसीचं इंजिन १०१ सीसीचं. त्यापुढे जुनी नळी काढून नवी बसवता येते आणि पुन्हा स्टँडर्डपासून सुरुवात करता येते. काही नव्या, जास्त ताकदीच्या गाड्यांच्या सिलिंडरवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण लेप असतो. तो फार कमी झिजतो, पण झिजला किंवा ओरबाडला तर सहसा ब्लॉकच बदलावा लागतो, कारण साध्या बोअरिंगने तो लेपच निघून जातो. दोन्ही मार्गांना आपापला हिशेब आहे.

मला मात्र बिडाच्या त्या जाड नळीचा मोठेपणा जास्त वाटतो. ज्यांनी हे इंजिन आखलं, त्यांना ते झिजणार हे पहिल्याच दिवशी माहीत होतं. म्हणून त्यांनी भिंतीत चार वेळा कापता येईल एवढा जास्तीचा धातू ठेवला आणि त्या मापांचे पिस्टनही बनवून ठेवले. दुरुस्ती मूळ आखणीतच धरलेली होती, आणि ती पुरी करण्याचं काम कारखान्याने कधी न भेटलेल्या हजारो मेकॅनिकांवर आणि लेथवाल्यांवर सोपवलेलं होतं. मापं पाळली, साबण-पाण्याचा कंटाळा केला नाही आणि पहिले काही शे किलोमीटर सांभाळले, तर तो दोन नॅनोमीटरचा हिशेब पुन्हा जुळतो. म्हणून गाडी धूर मारायला लागली की तिला भंगारात काढायच्या आधी ब्लॉक मोजून घ्या. बहुतेक वेळा त्या भिंतीत अजून एका आयुष्यापुरता धातू शिल्लक असतो.